बुंदीचं कोपर

मैत्रिणींनो, गेल्या वेळी कबूल केल्याप्रमाणे ह्या आठवड्यात डाळींना किडीपासून कसं जपावं ते लिहायचं होतं. डाळी थांबतील. गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय आहे, नि तो म्हणजे कुत्रीचं कोपर. हसू नका. एखाद्या दिवशी मी ह्या पानावर कुत्र्याच्या हाडांविषयी लिहीन, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

बुंदी ही आमची कुत्री. जातीची वगैरे नाही. स्टेशनजवळच्या भाजीवालीच्या हातगाडीखाली सापडलेलं गावठी पिल्लू. पिवळसर अंगावर बारीक ठिपके, म्हणून बुंदी. ती घरात आली तेव्हा सासूबाईंनी आठ दिवस तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी त्यांच्या ताटातली पोळीची कड कुठे जाते ते मला कळलं.

दीड महिन्यापूर्वी ती साडेचार महिन्यांची होती. त्या दिवशी अंगारकी. टिटवाळ्यात राहणाऱ्यांना अंगारकी म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटेपासून महागणपतीच्या दर्शनाच्या रांगा, प्रत्येक लोकलमधून माणसांचे लोंढे, नि स्टेशनवरच्या साऱ्या रिक्षा देवळाच्या फेऱ्यांत. आपल्याला कुठे जायचं असेल तर पाय आहेत! दुपारी मी शाळेतून चालतच घरी आले, तर बुंदी दिवाणाखाली बसलेली. एरवी चपला काढायच्या आत अंगावर येणारी, पण त्या दिवशी फक्त शेपूट हलवली. बाहेर बोलावलं तेव्हा तीन पायांवर आली. उजवा पुढचा पाय तिने वर धरला होता.

"काय झालं रे हिला?" मी धाकट्याला विचारलं. तो दुसरीत आहे.

"मला काय माहीत," म्हणाला, नि पुस्तकात तोंड घातलं. धाकट्याने आपण होऊन पुस्तक उघडलं, हेच खरं तर मला खटकायला हवं होतं.

सासूबाई माहेरच्या मुरबाडकडच्या. त्यांच्या लहानपणी गावात हाडवैद्य होता, नि बैलाचा पायसुद्धा तो बसवायचा म्हणे. त्यांनी आंबेहळद नि रक्तबोळ उगाळून गरम लेप केला. मी जुन्या सुती साडीची पट्टी फाडली, झाडूच्या दोन कामट्या घेतल्या आणि पंजापासून वरपर्यंत चांगलं घट्ट बांधलं. रिक्षा मिळत नव्हती, ह्यांची अंबरनाथला दुसरी पाळी, शिवाय मुक्या जनावराचं हाड आपोआप जुळतं असं शेजारच्या दोघींनी सांगितलं. मलाही ते ऐकायचंच होतं. रात्रभर बुंदी कण्हत होती. सकाळी पंजा फुगून भज्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली आणि तिला टोपलीत घालून कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. धाकटाही बरोबर आला. हट्टच धरला त्याने.

डॉक्टरांनी आधी पट्टी कापली. "ही कुणी बांधली?"

"मी," म्हटलं.

"ताई, हेतू चांगला होता. पण मोडलंय कोपरात आणि तुमची पट्टी संपते कोपराशी. म्हणजे मोडक्या जागेखाली तुम्ही वजन टांगलंत. घड्याळाच्या लंबकासारखा तो पाय हलत राहिला."

मला कळेना. कोपर? मी तर पायाच्या मधल्या सांध्यालाच कोपर समजत होते. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. कुत्र्याच्या पुढच्या पायाचा जो मधला सांधा आपल्याला दिसतो, ज्याला आपण सरसकट गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. कोपर त्याहून वर, छातीला जवळजवळ चिकटून असतं. म्हणजे कुत्रं सदा बोटांवर चालतं. सातवीच्या वर्गावर हे सांगितलं तर पोरं दोन दिवस आपापल्या कुत्र्यांचे पाय चाचपत होती.

मग डॉक्टरांनी विचारलं, "किती उंचावरून पडली?"

मी म्हटलं, पडली नाही, घरातच होती. डॉक्टर काही बोलले नाहीत. क्ष-किरणाच्या खोलीकडे वळले, तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "माझ्या हातातून." धाकटा स्टुलावर चढला होता. एका काखेत बुंदी, नि दुसऱ्या हाताने वरच्या फळीवरचा उपासाच्या लाडवांचा डबा. तिला लाडवाचा वास आला आणि तिने उडी मारली. लाडवाची चोरी नि बुंदीचं पडणं, दोन्ही गुन्हे एकदम कसे कबूल करायचे, म्हणून तो कालपासून गप्प होता. माझा हात उठलाच होता. पण डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता मला कुठे बघायचं ते कळलं." ह्या वयाची पिल्लं बहुतेक अशीच, कुणाच्या तरी हातातून किंवा सोफ्यावरून उडी मारून कोपर मोडून घेतात, हेही त्यांनी त्याला समजावलं. तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.

क्ष-किरणाचे दोन फोटो काढले, एक बाजूने आणि एक समोरून. बाजूच्या फोटोत मला तर सगळं ठीकच दिसत होतं. समोरच्या फोटोत मात्र हाडाचा एक तुकडा सरळ बाहेर सरकलेला. ह्या प्रकारचं मोडणं बाजूच्या फोटोत सहज नजरेतून सुटतं, म्हणून दोन्ही हवेत. तुमच्यावर अशी पाळी आली आणि एकच फोटो काढला, तर दुसऱ्याचं जरूर विचारा.

आता हे मोडतं कसं ते मला समजलं तसं सांगते. कोपरात तीन हाडं भेटतात: वरून दंडाचं, खालून हाताची दोन. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला विहिरीच्या रहाटाच्या चाकासारखा आकार असतो, आतला गोळा नि बाहेरचा गोळा. कुत्रं उडी मारून पुढच्या पायांवर उतरतं तेव्हा जमिनीचा धक्का हातातल्या एका हाडातून थेट बाहेरच्या गोळ्यावर आदळतो. (नुसतं उभं असतानाही त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवरच असतो.) आणि हा बाहेरचा गोळा वरच्या हाडाच्या सरळ रेषेत नसून बाजूला असतो, अगदी अरुंद कडेने जोडलेला. पिल्लात तर हे दोन गोळे जन्मतः वेगळे असतात. दोन-तीन महिन्यांत ते एकमेकांना जुळतात, पण वरच्या हाडाशी पक्के व्हायला पाच ते आठ महिने लागतात. तोवर मध्ये कूर्चेची पट्टी असते. म्हणून चार महिन्यांच्या आसपासची पिल्लं सर्वांत जास्त सापडतात. धक्का मोठा असला तर दोन्ही गोळे सुटतात, मग काम फारच अवघड.

मी विचारलं, "प्लॅस्टर घालून नाही का भागणार?" तुम्हीही हेच विचारलं असतं.

डॉक्टर म्हणाले, दाराची बिजागरी डोळ्यासमोर आणा. बिजागरीचा एक खिळा सुटून ती जराशी खाली आली तरी दार फरशीला घासतं, आणि रोज उघडझाप केली की फरशी झिजते. हाडाच्या मधल्या दांड्यात थोडं वाकडं जुळलं तर एक वेळ चालतं, पण सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर केसाएवढी पायरी राहिली तरी तो घासत राहतो, आणि पुढे संधिवात. शिवाय सुटलेल्या तुकड्याला हाताचे स्नायू चिकटलेले असतात, ते त्याला ओढून फिरवतात. ते प्लॅस्टरने थांबत नाही, कारण कोपर हलू द्यायचं नसेल तर वरचा खांदासुद्धा बांधावा लागतो. आणि पिल्लाचं कोपर काही आठवडे बांधून ठेवलं तर ते आखडतं ते आखडतंच. म्हणून तुकडा जागेवर तंतोतंत बसवायचा, पक्का आवळायचा, आणि सांधा लवकर हलता करायचा. माणसांच्या सांध्यांनाही हाच नियम. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एकत्र येऊन तो पद्धतशीर मांडला, आणि पुढे जनावरांच्या डॉक्टरांनीही तो घेतला.

आणि हो, मुलांच्या आयांनो, हे आपल्या पोरांनाही लागू आहे बरं का. झाडावरून, झोपाळ्यावरून पडलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाचा कोपराचा नेमका हाच बाहेरचा गोळा मोडतो. कोपर सुजलं तर चोळू नका, ओढू नका, लेपाने झाकू नका. आधी फोटो.

"शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी," डॉक्टर म्हणाले. "दोन-चार दिवस ठीक. दोन-तीन आठवडे गेले की फटीत कच्चं हाड भरतं, स्नायू आखडतात, मग तुकडा जागेवर येत नाही."

घरी आलो. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, फ्रिजसाठी ठेवली होती. मी ह्यांना हळूच म्हटलं, फ्रिज पुढच्या वर्षी घेऊ. सासूबाई आतून ऐकत होत्या.

"घ्या घ्या," म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचं बघू बघू म्हणता वर्ष गेलं. आणि कुत्रीच्या कोपराला दोन दिवसांत मुंबई."

मैत्रिणींनो, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या दिवाळीपासून त्या जिना एकेक पायरी बसून उतरतात, हे मी रोज पाहते. गुडघे म्हातारपणाचेच, असं आपण म्हणतो आणि कुकर लावतो. हेही काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून त्यांनी कारखान्यातल्या एका मित्राला फोन केला. त्याची मारुती व्हॅन आहे. मी धान्याच्या डब्यांआड ठेवलेली भिशी काढली, पण त्या रात्री सासूबाईंच्या खोलीत जायचा मला धीर झाला नाही.

आम्ही परळला गेलो, बैलघोडा हॉस्पिटलात. मुंबईच्या जुन्या माणसांना हेच नाव ठाऊक. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय. जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १८७४ साली मुंबईत संस्था निघाली, तिचं हे रुग्णालय. आणि त्याच आवारात १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय. त्या काळी घोडे नि बैल हीच शहराची वाहनं, म्हणून ते नाव पडलं. आता बाकांवर मांडीवर मांजर घेतलेल्या आजी, पट्ट्याला ओढणारे मोठाले कुत्रे, एका टोपलीत पंख मोडलेली घार. आमची बुंदी सगळ्यांना घाबरून माझ्या पदरात. शिकणारी मुलं-मुली भोवती उभी राहून फोटो बघत होती. मुलींची संख्या पाहून बरं वाटलं.

रक्ताची तपासणी झाली, छातीचाही फोटो काढला, कारण पडताना फुप्फुसाला मार बसला असेल तर भूल देणं धोक्याचं. तारीख मिळाली दोन दिवसांनंतरची. तोपर्यंत कोपराला काही बांधायचं नाही, फक्त छोट्या जागेत कोंडून ठेवायचं. दुखण्याची गोळी त्यांनी दिली तीच. आपल्या घरातली दुखण्या-तापाची गोळी चुकूनही कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनने त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी भारतात २००६ सालीच बंद झालं, कारण त्या औषधाची गुरं मेली की ती खाऊन गिधाडं मरत. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडची गिधाडं अशी गेली होय? मला वाटायचं, डोंगर सोडून गेली." कितीतरी वेळ त्या तेवढंच बोलत होत्या.

शस्त्रक्रिया कशी केली ते ह्यांना पटकन कळलं, मला दोनदा सांगावं लागलं. कोपराच्या बाहेरून छेद घेतात, तुकडा जागेवर बसवून चिमट्याने धरतात आणि बाहेरच्या गोळ्यातून आतल्या गोळ्यात आडवा स्क्रू घालतात. गंमत अशी, की बाहेरच्या तुकड्यातलं भोक मुद्दाम मोठं पाडतात, स्क्रूचे आटे तिथे पकडत नाहीत. पकडतात ते फक्त आतल्या गोळ्यात. त्यामुळे स्क्रू पिळला की बाहेरचा तुकडा आतल्यावर दाबून बसतो. "आमच्याकडे दोन पट्ट्या अशाच आवळतो," हे म्हणाले. पण एकाच स्क्रूभोवती तुकडा फिरू शकतो, म्हणून वर एक बारीक तार. दोन्ही गोळे सुटले असतील तर पट्ट्या लागतात. कोपराचं मागचं टोक तुटलं, तर तिथला मोठा स्नायू ते वर ओढतो. त्याला दोन पिना आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तार घालतात, म्हणजे स्नायूने ओढलं की फट उघडण्याऐवजी मिटते. हे ऐकून मला, का कोण जाणे, परकराच्या नाडीची आठवण झाली.

परत येताना गाडीत रतन टाटांचा विषय निघाला. त्यांचं कुत्र्यांवरचं प्रेम सर्वांना ठाऊक आहे. २०२४ साली त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की आपल्या कुत्र्याचा सांधा बदलून घ्यायला त्यांनी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं. पण उशीर झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. त्याच वर्षी महालक्ष्मीला त्यांचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. काही महिन्यांनी, ऑक्टोबरात, ते गेले. एवढ्या मोठ्या माणसालाही उशीर होतो, म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते. हे म्हणाले, "त्यांना अमेरिका गाठायची होती. आपल्याला कल्याण." बरोबरच होतं ते.

खर्चाचं आधीच विचारून घ्या, आणि सुटं सुटं विचारा: फोटो, भूल, स्क्रू, राहणं, नंतरच्या फेऱ्या. धर्मादाय नि खासगी ठिकाणांत फरक पडतो. विचारायला संकोच कसला, साडी घेताना आपण करतो का?

आता घरातलं काम. धाकट्याची कठड्याची जुनी लाकडी खाट माळ्यावरून काढली. त्यात गोधडी, तीच बुंदीची कोठडी. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. तो सगळ्यांच्या पोटऱ्यांना लागून आमच्या पायांवर निळे डाग पडले. बारा दिवसांनी टाके काढले. आमची फरशी गुळगुळीत, तिथे पाय घसरला तर सगळं मुसळ केरात, म्हणून वाण्याकडून गोणपाटं आणून खाटेपासून दारापर्यंत अंथरली. दिवसातून चार-पाच वेळा पट्ट्याला धरून फक्त लघवीपुरतं बाहेर. धावणं, जिना, उडी बंद. पिल्लाला हे कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं तेव्हाच खरी पंचाईत झाली. पाय बरा वाटतो, पण हाड अजून कच्चं असतं.

हाड मोडलं म्हणून शेजारणींनी दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या असं बरंच सुचवलं. डॉक्टरांनी गोळ्यांना साफ नाही म्हटलं. वाढत्या पिल्लाला वरचं कॅल्शियम जास्त झालं तर हाडांची वाढ बिघडते. रोजचं तिच्या वयाचं खाणं, आणि वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच.

आणि पायाचा व्यायाम. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चौथ्या दिवसापासून दिवसातून तीनदा कोपर हळूहळू दुमडायचं, हळूहळू लांब करायचं, दहा-दहा वेळा. तिने मान वळवली की थांबायचं. सकाळी मी करीत असे, रात्री हे. दुपारची पाळी कुणाची? मी शाळेत, मोठी कॉलेजात. पहिल्या दुपारी मी परत आले तर सासूबाई खाटेशेजारी पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. बुंदीचा पाय त्यांच्या हातात, नि धाकटा मोठ्याने आकडे मोजत होता. "जोर लावू नको म्हणतात ते खरंय," सासूबाई मला म्हणाल्या. "सांधा आखडला की कसं दुखतं ते मला विचार." मी त्यांच्याजवळ बसले. गुडघ्यांचं बोलणं त्या दिवशी झालं, दिवाळीपासून जे टाळत होते ते.

परवा सहा आठवडे झाले. परळला परत फोटो काढला. फट भरली आहे, तुकडा जागेवर आहे. स्क्रू तसाच आत राहील, त्रास दिला तरच काढायचा. चालताना उजवा पाय बुंदी किंचित जपून टाकते. थंडीत कदाचित थोडं दुखेल, म्हातारपणी संधिवात येऊ शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. लांब कानांच्या स्पॅनियल जातीचं कुत्रं कुणाकडे असेल तर एवढं लक्षात ठेवा, त्यांच्यात मोठेपणीही साध्या उडीने हेच हाड मोडू शकतं. मग दुसऱ्या पायाचंही तपासून घ्यावं.

खाट पुन्हा माळ्यावर गेली. गोणपाटं अजून काढलेली नाहीत, सासूबाई म्हणतात त्यांनाही त्यावर चालायला बरं वाटतं, घसरायची भीती नाही. सोमवारी त्यांचा कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. तिथेही म्हणे फोटो दोन काढावे लागतात, एक बाजूने, एक उभं राहून समोरून. धाकट्याला बरोबर यायचं आहे. फ्रिज पुढच्या वर्षी. डाळींचं पुढच्या आठवड्यात नक्की.